रॉकेलचा दीर्घकालीन साठा : धोके, दक्षता आणि उपाय

ग्रामीण घरात रॉकेलच्या डब्याला एके काळी जे स्थान होते, ते आज उरलेले नाही. वीज खेडोपाडी पोहोचली, स्वयंपाकाचा गॅस उपलब्ध झाला आणि सार्वजनिक वितरण व्यवस्थेतही मोठे बदल घडून आले. १ मे २०१६ रोजी प्रारंभ झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने कोट्यवधी कुटुंबांत गॅसची शेगडी नेली. सप्टेंबर २०१७ मध्ये घोषित झालेल्या सौभाग्य योजनेने घरोघर वीजजोडणीचे कार्य हाती घेतले. शिधापत्रिकेवरील रॉकेलची किंमत टप्प्याटप्प्याने वाढवीत नेण्यात आली आणि १ मार्च २०२० पासून तीवर केंद्राचे अनुदान उरले नाही. दिल्ली, चंदीगड, हरियाणा व पंजाब यांनी तर हे वाटपच थांबविले. चूल, कंदील आणि स्टोव्ह यांच्या धुरातून गृहिणीची मुक्तता होणे ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट होय. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत घरगुती इंधन म्हणून रॉकेलचा वापर टाळावा अशीच शिफारस केलेली आहे.

तथापि, रॉकेल घरातून पूर्णतः गेले असे मात्र म्हणता येत नाही. वादळात विजेचे खांब कोसळतात, महापुरात रस्ते तुटतात, आणि मग अडगळीत ठेवलेला कंदील पुन्हा खाली काढला जातो. जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाराष्ट्र शासनाने पूरग्रस्त कुटुंबांसाठी धान्याबरोबर ५ लिटर रॉकेलही जाहीर केले होते. अशा प्रसंगाची आठवण असलेली कुटुंबे हाती आलेले रॉकेल सहसा वापरून संपवीत नाहीत, तर ते जपून ठेवतात. येथेच एक नवी अडचण निर्माण होते. पूर्वी रेशनवर आलेले तेल महिनाभरात जळून जात असे. त्यामुळे डबा कसला, बूच कसले, जागा कोणती, याची फारशी फिकीर करण्याचे कारण नव्हते. आज तोच डबा वर्ष-दोन वर्षे एका कोपऱ्यात पडून राहतो. महिन्याच्या शिध्यासाठी पडलेल्या सवयी वर्षाच्या साठ्यास पुरेशा ठरत नाहीत. ही गोष्ट ध्यानी घेऊन या साठ्याविषयीची शास्त्रीय माहिती ग्रामस्थ, शिक्षक आणि स्थानिक अधिकारी यांच्यापुढे ठेवणे अगत्याचे आहे.

माळव्याचे उदाहरण

या विवेचनासाठी मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या सरदारपूर तहसिलीतील अमझेरा या गावाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. मराठी वाचकांस हे नाव अपरिचित नाही. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पांच्या सैन्याने येथेच माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला आणि मराठ्यांचा माळव्यातील मार्ग मोकळा झाला. १८५७ च्या उठावात भाग घेणारे अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना १८५८ मध्ये इंदूर येथे फाशी देण्यात आली. धार व देवास या दोन्ही ठिकाणी पवारांची राज्ये होती आणि त्या निमित्ताने तेथे गेलेली मराठी कुटुंबे आजही त्या भागात आहेत.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो माळव्याचा उन्हाळा. या पठारावर रात्री काहीशा थंड असल्या, तरी मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे ही नित्याची बाब आहे. पत्र्याच्या छपराखालील खोलीत, विशेषतः माळ्यावर, ते याहूनही अधिक असते. विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथील स्थिती याहून वेगळी नाही. ४० अंश हा आकडा रॉकेलच्या संदर्भात एवढा महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी रॉकेलचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे.

रॉकेल म्हणजे काय ?

खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन करीत असता पेट्रोलनंतर आणि डिझेलच्या अलीकडे जो अंश मिळतो, तो रॉकेल होय. त्याची उकळण्याची मर्यादा स्थूलमानाने १५० ते ३०० अंश सेल्सिअस इतकी असते. ते पाण्याहून हलके आहे. एक लिटर रॉकेलचे वजन सुमारे ८०० ग्रॅम भरते. 'केरोसीन' हे नाव मेण या अर्थाच्या 'केरॉस' या ग्रीक शब्दापासून कॅनडातील अब्राहम गेस्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बनविले. खेड्यात घासलेट, शहरात रॉकेल आणि सरकारी कागदोपत्री केरोसीन, अशी एकाच द्रवाची ही तीन नावे आहेत. पूर्वी ते चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे १८ लिटरच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात येत असे. तेल संपल्यावर त्या डब्यातून पाणी वाहण्यापासून धान्य ठेवण्यापर्यंत नाना कामे घेतली जात.

रॉकेल पेटते म्हणजे प्रत्यक्षात त्याची वाफ पेटते. द्रवाच्या पृष्ठभागावर पुरेशी वाफ जमली नसेल, तर ठिणगी पडूनही तो सहसा पेट घेत नाही. ज्या तापमानास ठिणगी लागताच क्षणभर भडका उडेल इतकी वाफ पृष्ठभागावर जमते, त्या तापमानास प्रज्वलनबिंदू असे म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनबिंदू शून्याच्याही बराच खाली असतो, म्हणून पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही भडकते. भारतीय मानकानुसार रॉकेलचा प्रज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. हा एक आकडा प्रत्येक वाचकाने स्मरणात ठेवण्यासारखा आहे. रॉकेल हे पेट्रोलपेक्षा सुरक्षित आहे, असे जे आपण म्हणतो ते तेल या बिंदूहून थंड असेपर्यंतच खरे असते.

आता अमझेऱ्यातील मे महिन्याची दुपार डोळ्यांपुढे आणावी. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या डब्यातील तेल ३५ अंश केव्हाच ओलांडून गेलेले असू शकते. डिसेंबरात जवळ काडी ओढली असता जे तेल शांत राहिले असते, तेच तेल आता डब्याचे तोंड उघडताच पेट घेण्याजोगी वाफ सोडते. माणसाची सवय मात्र डिसेंबरचीच राहते. ही वाफ हवेपेक्षा कित्येक पट जड असल्यामुळे ती वर निघून न जाता जमिनीलगत पसरते आणि चूल, देवघरातील समई किंवा विडीचे थोटूक यांपर्यंत पोहोचू शकते. तेलाने भिजलेले कापड किंवा पोते तर याहून कमी तापमानासही वातीप्रमाणे पेटते. सारांश, साठवणीचा पहिला नियम असा की, तेल थंड राहिले पाहिजे.

पेट्रोलची भेसळ : सर्वांत मोठा शत्रू

दुसरा नियम तितकाच महत्त्वाचा आहे. रॉकेलमध्ये अन्य कोणतेही इंधन मिसळता कामा नये. एकाच डब्यातून कधी मोटारसायकलसाठी पेट्रोल आणावयाचे आणि कधी रॉकेल भरावयाचे, ही पद्धत अनेक ठिकाणी दिसून येते. डब्याच्या तळाशी राहिलेले थोडेसे पेट्रोल काय करील, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते काय करते, हे एकोणिसाव्या शतकातच प्रयोगाने दाखविले गेले. अमेरिकेत दिव्यांच्या स्फोटांनी अनेक बळी घेतले, तेव्हा न्यू ऑर्लिन्स येथील डॉ. व्हाइट यांनी सुमारे ४५ अंश सेल्सिअस प्रज्वलनबिंदू असलेल्या रॉकेलमध्ये पेट्रोलसदृश नॅफ्था मिसळून पाहिला. शेकडा १ भाग मिसळताच हा बिंदू सुमारे ३९ अंशांवर आला. शेकडा २ भागांस तो ३३, शेकडा ५ भागांस २८ आणि शेकडा १० भागांस अवघ्या १५ अंशांवर उतरला. १८ लिटरच्या डब्यात शेकडा ५ भाग म्हणजे एक लिटरहूनही कमी पेट्रोल. तेवढ्याने सारा डबा हिवाळ्याच्या दुपारीसुद्धा धोकादायक बनतो.

अशी भेसळ डोळ्यांनी ओळखता येत नाही. कागदावर थेंब टाकून पाहण्याचा एक घरगुती उपाय सांगितला जातो. पेट्रोलचा डाग लवकर उडून जातो, तर रॉकेलचा तेलकट डाग बराच वेळ टिकतो, हे खरे आहे. परंतु थोड्या प्रमाणातील भेसळ या उपायाने उघड होत नाही आणि धोका तर थोड्या भेसळीनेच उत्पन्न होतो. काडी लावून पाहण्याचा प्रयोग कदापि करू नये. तेलास पेट्रोलसारखा उग्र वास येत असेल, अथवा डब्यात पूर्वी काय होते याविषयी शंका असेल, तर ते तेल दिव्यात किंवा स्टोव्हमध्ये न घालता बाजूला ठेवावे, हेच शहाणपणाचे होय. रॉकेलसाठी स्वतंत्र डबा, स्वतंत्र नरसाळे आणि स्वतंत्र माप ठेवले, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

भांडे कसे असावे ?

दीर्घकाळ साठवणीसाठी घट्ट झाकणाचा, आतून गंज नसलेला पोलादी डबा किंवा इंधनासाठीच बनविलेला जाड प्लॅस्टिकचा कॅन योग्य ठरतो. जस्ताचा मुलामा दिलेली बादली अथवा टाकी अल्पकाळ चालते, परंतु दीर्घकाळात जस्ताचा अंश तेलात उतरून वातीवर व बर्नरमध्ये साचतो. तांब्याच्या संपर्कात तेलाचे ऑक्सिडीकरण लवकर होते, म्हणून तांब्या-पितळेची भांडीही साठवणीसाठी नकोत. काचेची बाटली फुटण्याचा धोका असतो. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या व पाण्याच्या बाटल्या तर सर्वथा वर्ज्य मानाव्यात. झाकणाच्या आत साध्या रबराची चकती असल्यास रॉकेलमुळे ती फुगते व सैल पडते. म्हणून ती वेळोवेळी तपासून बदलावी.

डबा काठोकाठ भरू नये. उष्णतेने तेल प्रसरण पावते. १८ लिटर तेलाचे तापमान २० अंशांवरून ४५ अंशांवर गेले, तर त्याचे आकारमान सुमारे ४०० मिलिलिटरने वाढते. एवढ्या वाढीस जागा नसेल, तर डबा फुगतो, सांध्यातून पाझरतो किंवा झाकण वर ढकलले जाते. म्हणून शेकडा ५ भाग जागा रिकामी ठेवावी. तथापि अर्धा डबा रिकामा ठेवणेही इष्ट नाही, त्याचे कारण पुढे येईल. तेल निम्म्यावर आल्यास ते लहान डब्यात काढून ठेवणे चांगले.

प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत 'रॉकेल – ज्वालाग्राही' असे लिहावे आणि भरल्याची तारीख नोंदवावी. घरातील निरक्षर व्यक्तींसाठी तांबडा पट्टा किंवा ज्योतीचे चित्र काढावे. आधीचे तेल आधी वापरावे आणि नवे तेल मागे ठेवावे, हा धान्याच्या कोठाराचा नियम येथेही लागू पडतो.

जागा कोणती निवडावी ?

साठ्याची जागा राहत्या खोलीपासून व स्वयंपाकघरापासून दूर, सावलीची आणि हवा खेळती असलेली असावी. घराच्या उत्तरेकडील पडवी किंवा स्वतंत्र लहान खोली यासाठी उपयुक्त ठरते. माळा हे सर्वांत वाईट स्थान होय, कारण तेथे उष्णता सर्वाधिक असते आणि डबा गळल्यास तेल खाली थेट चुलीवर येते. जिना, दरवाजा किंवा बाहेर पडण्याचा मार्ग यांच्याजवळही डबा ठेवू नये. आग लागल्यास बाहेर पडण्याची वाटच ती अडवते. तळघरात जड वाफ साचून राहते, म्हणून तीही जागा टाळावी.

गवताची गंज, कडबा, कापसाचे ढीग आणि जळाऊ लाकूड यांपासून साठा दूर असावा, हे शेतकऱ्यांस निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु नायट्रेटयुक्त रासायनिक खते आणि ब्लीचिंग पावडर यांच्या शेजारीही रॉकेल ठेवू नये, हे तितकेसे सर्वज्ञात नाही. हे पदार्थ ज्वलनास साहाय्य करतात आणि त्यांत तेल मिसळल्यास आगीचे स्वरूप भयंकर होते. धान्य, पीठ व पिण्याचे पाणी यांस रॉकेलचा वास सहज लागतो. ती नेहमी निराळ्या जागी ठेवावीत.

डब्याखाली वाळू पसरलेली परात अथवा उथळ तसराळे ठेवल्यास गळती चटकन ध्यानात येते. नदीकाठच्या व पुराचा संभव असलेल्या गावांनी आणखी एक काळजी घ्यावी. रॉकेल पाण्याहून हलके असल्यामुळे अर्धवट भरलेला डबा पुरात तरंगत जातो आणि तो फुटल्यास तेलाचा तवंग विहिरीपर्यंत पोहोचतो. पावसाळ्यापूर्वी असे डबे पूररेषेच्या वर, उन्हापासून दूर, दोरीने बांधून ठेवावेत.

पाणी, गंज आणि गाळ

रॉकेल किती काळ टिकते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पेट्रोलच्या मानाने ते बरेच टिकाऊ आहे. त्यातील हलके घटक सहजासहजी उडून जात नाहीत आणि त्याची रासायनिक घडणही बरीच स्थिर असते. बंद डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी ते काही वर्षे वापरण्याजोगे राहू शकते. असे असले तरी घरगुती साठा दरवर्षी वापरून नवा करावा, हे धोरण उत्तम. कारण घरातील परिस्थिती क्वचितच आदर्श असते.

तेल बिघडते ते मुख्यतः पाण्यामुळे. अर्धवट भरलेला डबा एक प्रकारे श्वासोच्छ्वास करीत असतो. दिवसा आतील हवा तापून बाहेर पडते आणि रात्री बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्या हवेतील बाष्प थंड पत्र्यावर थेंबांच्या रूपाने जमते, खाली उतरते आणि तळाशी साचते. पाणी जड असल्यामुळे ते तेलाखाली दडून राहते व वरून दिसत नाही. त्याने पत्रा आतून गंजतो. शिवाय तेल व पाणी यांच्या सीमेवर एक प्रकारची बुरशी वाढते, तिला रॉकेल-बुरशी असेच म्हणतात. तिचा चिकट गाळ स्टोव्हचे छिद्र बुजवितो. सूर्यप्रकाश व हवा यांच्या संपर्काने तेलात राळेसारखा पदार्थही तयार होतो. तेल पिवळसर दिसू लागते, वातीवर कोळशासारखा थर बसतो आणि ज्योत धुरकट होते.

जुने तेल वापरण्यापूर्वी थोडे तेल पारदर्शक बरणीत काढून काही तास न हलवता ठेवावे. तळाशी पाण्याचा थर किंवा कण दिसल्यास वरचे स्वच्छ तेल अलगद ओतून घ्यावे आणि दाट कापडातून गाळावे. सर्वस्वी गढूळ झालेले तेल दिव्यात वापरू नये. ते विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गटारात ओतणे हा तर गावाच्या पाण्याशी द्रोह होय.

ग्रामपंचायत, आश्रमशाळा किंवा आरोग्य केंद्र अशा ठिकाणी २०० लिटरचे पिंप ठेवले जात असेल, तर ते उघड्यावर उभे ठेवू नये. उभ्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते आणि रात्री पिंप थंड होताना बुचाच्या फटीतून ते आत ओढले जाते. पिंप लाकडी ओंडक्यांवर आडवे ठेवावे आणि त्याची दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, तेलाच्या पातळीखाली येतील अशी व्यवस्था करावी. बुचांवर आतून तेल असल्यामुळे ओलसर हवा आत शिरत नाही आणि बूच सैल असल्यास गळतीवरून ते लगेच कळते.

रिकामा डबा रिकामा नसतो

भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक धोकादायक असते, हे पुष्कळांस पटत नाही. भरलेल्या पिंपात वाफेस जागा अत्यल्प असते. रिकाम्या पिंपात मात्र वाफ व हवा यांचे मिश्रण असते आणि ठिणगी मिळताच त्याचा स्फोट होऊ शकतो. धान्याची कोठी किंवा पाण्याची टाकी बनविण्यासाठी जुनी पिंपे कापण्याची प्रथा सर्वत्र आहे. अशा पिंपावर वेल्डिंगची ज्योत किंवा डाग देण्याची तापलेली खैची लावणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. केवळ पाण्याने विसळून वाफ जात नाही. सांध्यांत मुरलेले तेल तापताच पुन्हा वाफ सोडते. म्हणून असे काम केवळ जाणकार कारागिरानेच, पिंप पूर्णपणे स्वच्छ व वाफमुक्त केल्यानंतर करावे. रॉकेलचा डबा पुढे पिण्याच्या पाण्यासाठी किंवा खाद्यतेलासाठीही वापरू नये.

बालकांची सुरक्षितता

रॉकेलचा धोका म्हटला की आगच प्रथम आठवते. परंतु भारतात लहान मुलांना होणाऱ्या विषबाधेच्या प्रमुख कारणांत रॉकेलची गणना होते, हे पालकांनी विसरू नये. कारण साधे आहे. रॉकेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतले जाते, ती बाटली जमिनीवर, हात पोहोचेल अशा जागी राहते आणि उन्हाने तहानलेले दोन-तीन वर्षांचे मूल ती तोंडास लावते. पांढरे रॉकेल तर पाण्यासारखेच दिसते. शिधावाटपातील रॉकेलला निळा रंग दिलेला असतो, परंतु मुलाला तो सरबताचाही वाटू शकतो.

पोटात गेलेल्या तेलापेक्षा फुप्फुसात गेलेले तेल अधिक घातक असते. रॉकेल अतिशय पातळ असल्यामुळे गिळताना किंवा ओकताना त्याचे थोडेसे थेंब श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनियासारखा विकार उत्पन्न करतात. म्हणून मुलाने रॉकेल प्यायल्याचे कळताच त्याला ओकारी करविण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. मिठाचे पाणी पाजू नये, घशात बोट घालू नये, दूध किंवा तूपही देऊ नये. तेलाने भिजलेले कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे आणि मुलास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. मूल वरकरणी बरे दिसत असले तरी त्यास काही तास वैद्यकीय देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते. खोकला, धाप आणि गुंगी ही लक्षणे नंतरही उद्भवू शकतात.

यावर खरा उपाय एकच. पिण्याच्या बाटलीत, पेल्यात किंवा तांब्यात रॉकेल क्षणभरही ठेवू नये, आणि डबा कुलूपबंद कपाटात अथवा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा बंदिस्त जागी असावा.

वापरताना व आग लागल्यास

कंदील, चिमणी किंवा स्टोव्ह पेटता असताना त्यात तेल भरू नये. तो विझवून, पूर्ण निवल्यावर, दिवसाउजेडी व घराबाहेर भरावा. टाकी पाऊण भरल्यावर थांबावे. सांडलेले तेल वाळू किंवा मातीने टिपून घ्यावे आणि ते भिजलेले कापड घरात ठेवू नये. बंद खोलीत रॉकेलचा दिवा किंवा स्टोव्ह रात्रभर जळत ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्यास वास नसतो, म्हणून झोपलेल्या माणसास त्याची जाणीव होत नाही. खिडकी उघडी ठेवणे हाच त्यावर उपाय.

रॉकेलच्या आगीवर पाणी ओतू नये. तेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. वाळू, कोरडी माती किंवा कोरड्या चूर्णाचे अग्निशामक वापरावे. लहान आग जाड ओल्या गोणपाटाने झाकून विझविता येते. साठ्याच्या जागी वाळूची बादली नित्य भरलेली असावी. कपड्यांनी पेट घेतल्यास पळू नये. जमिनीवर पडून लोळावे किंवा जाड सुती वस्त्राने ज्वाळा दाबाव्यात. भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे साधे थंड वाहते पाणी सोडावे आणि शाई, हळद, टूथपेस्ट असे काहीही न लावता रुग्णास दवाखान्यात न्यावे.

कायदा काय सांगतो ?

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ अन्वये प्रज्वलनबिंदूनुसार खनिज तेलांचे वर्ग पाडण्यात आले आहेत. २३ अंश सेल्सिअसच्या खाली प्रज्वलनबिंदू असलेली पेट्रोलसारखी तेले 'अ' वर्गात, तर २३ ते ६५ अंशांच्या दरम्यानची रॉकेलसारखी तेले 'ब' वर्गात मोडतात. 'ब' वर्गातील तेलाचा एके ठिकाणचा साठा २,५०० लिटरहून अधिक नसेल आणि कोणतेही भांडे १,००० लिटरहून मोठे नसेल, तर या अधिनियमाखाली परवान्याची आवश्यकता नसते. राज्यांचे स्वतंत्र नियंत्रण आदेश मात्र पाळावे लागतात आणि त्यांची माहिती तालुका पुरवठा कार्यालयात मिळू शकते. केंद्राच्या १९९३ च्या आदेशानुसार शिधावाटपातील रॉकेल स्वयंपाक व दिवाबत्ती यांखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास मनाई आहे. ते वाहनात किंवा पंपात घालणे हा गुन्हा ठरतो.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. कायद्याने परवान्याविना जेवढा साठा करता येतो, तेवढा घरात ठेवणे सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. कुटुंबाच्या आणीबाणीच्या गरजेस पाच-दहा लिटर पुरेसे होतात. त्याहून अधिक साठा म्हणजे अधिक जोखीम.

ग्रामस्तरावरील जबाबदारी

ही माहिती घरोघर पोहोचविण्याचे कार्य शाळा, ग्रामपंचायत आणि आशा व अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्याकडून उत्तम प्रकारे होऊ शकेल. शिक्षकांनी प्रज्वलनबिंदूची संकल्पना आकडे व आकृती यांच्या साहाय्याने शिकवावी. तिचे प्रात्यक्षिक वर्गात करू नये. वर्गातील तापमापीवर मे महिन्यात ३५ अंशांची रेषा केव्हा ओलांडली जाते, हे विद्यार्थ्यांनी नोंदविले, तरी पुष्कळ साधेल. ग्रामसेवकांनी उन्हाळ्याच्या प्रारंभी आणि पावसाळ्यापूर्वी अशी वर्षातून दोनदा आठवण करून द्यावी : माळ्यावरील डबा खाली आणा, त्यावर नाव व तारीख लिहा, झाकण तपासा, जुने तेल गाळून घ्या, पाण्याच्या बाटलीतील तेल काढून टाका. रास्त भाव दुकानदारांनी पाण्याच्या बाटलीत रॉकेल देण्याचे नाकारले, तर अनेक बालकांचे प्राण वाचतील.

वीज व गॅस यांच्या प्रसारामुळे रॉकेल हाताळण्याचा नित्याचा सराव आता संपत चालला आहे. ज्या पिढीला तेलाचा वास, वातीची लांबी आणि स्टोव्हचा आवाज यांवरून बिघाड ओळखता येत असे, ती पिढी वृद्ध झाली आणि नव्या पिढीच्या हाती उरला आहे तो केवळ कोपऱ्यातील एक जुना डबा. त्या डब्यावर नाव आहे की नाही, त्यात काय आहे, तो किती तापतो आणि त्याच्यापर्यंत कोणाचा हात पोहोचतो, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक कुटुंबाने आजच पाहून घेतल्या, तर संकटकाळासाठी जपलेले हे तेल स्वतःच संकटाचे कारण होणार नाही.